मुद्राराक्षसाचा बाजारभाव

सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडा उंच असा तो पुठ्ठ्याचा तुकडा. 1909च्या सुमारास अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून तो फुकट मिळायचा. पाकीट ताठ राहावं आणि गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी तोच ब्रँड मागावा, एवढंच त्याचं काम. पुढच्या बाजूला फिलाडेल्फियाच्या शेरी मगी या बेसबॉलपटूचा चेहरा, खाली पांढऱ्या पट्टीवर तपकिरी शाईत त्याचं आडनाव. त्या आडनावाची इंग्रजी अक्षरं एम, ए, जी, ई, ई. छापखान्यात कुणाच्या तरी हातून चौथ्या जागी ‘ई’ऐवजी ‘आय’ पडला. पुढे ते कुणाच्या तरी ध्यानात आलं, अक्षर बदललं गेलं आणि उरलेली छपाई बरोबर आडनावाने झाली. त्या एका अक्षरापायी आज कोपरे झिजलेलं, सुरकुतलेलं ‘मॅजी’ कार्डही हजारो डॉलरना जातं. त्याच माणसाचं बरोबर नावाचं कार्ड त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मराठी छापखान्यांत अशा चुकांचं खापर मुद्राराक्षसाच्या माथी फोडायची जुनी रीत आहे. वेलांटी हुकली, नाव बदललं, की दुसऱ्या दिवशी दिलगिरीची चौकट छापायची आणि पुढे जायचं. जुन्या बेसबॉल कार्डांच्या जगात मात्र मुद्राराक्षसाला भाव आहे आणि तो भाव ठरवणारी माणसं अक्षराअक्षरावर, शाईच्या ठिपक्याठिपक्यावर वाद घालतात. हा वाद घालण्यासारखाच आहे. कारण गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात शाईचा डाग पडलेलं किंवा कड तिरकी कापली गेलेलं प्रत्येक कार्ड ‘दुर्मीळ चूक’ म्हणून विकायला निघालं आहे. ही फसवणूक आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या चुकांचा इतिहास झाकला जातो.

या छंदातली मेख एका वाक्यात सांगता येते. चुकीला मोल येतं ते ती दुरुस्त झाल्यावर. चूक तशीच राहिली तर सगळीच कार्डं चुकीची, मग दुर्मीळ काय उरलं? छापता छापता यंत्र थांबवून चूक सुधारली गेली, तरच दोन प्रकार तयार होतात आणि त्यांतला एक संख्येने कमी ठरतो. भावाच्या पुस्तकांतून दुरुस्त न झालेल्या चुकीला म्हणूनच वेगळी खूण असते, आणि ती खूण दिसली की अनुभवी संग्राहक जास्तीचे पैसे मोजत नाही.

टॉप्स कंपनीने 1957 साली काढलेलं हँक आरनचं 20 क्रमांकाचं कार्ड पाहा. आरन उजव्या हाताने फलंदाजी करणारा. कार्डावर तो डावखुरा दिसतो. निगेटिव्ह उलटी लागली होती. त्याच्या अंगावरचा 44 हा आकडाही आरशात पाहावा तसा उमटला आहे, म्हणजे चूक पकडायला पारखी नजरही लागत नाही. त्याच वर्षी मिलवॉकी ब्रेव्ह्जने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि आरन नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही टॉप्सने ते कार्ड बदललं नाही. आज त्याला चांगला भाव येतो तो आरनमुळे. उलट्या चित्राचा त्या भावात वाटा नाही.

पंचवीस वर्षांनी, 1982 साली, फ्लीअर कंपनीने नेमकी तीच चूक जॉन लिटलफील्डच्या बाबतीत केली. हा सॅन दिएगोचा गोलंदाज, मोठ्या लीगमध्ये जेमतेम दोन हंगाम खेळलेला. त्याचीही निगेटिव्ह उलटी लागली, तोही डावखुरा दिसला. पण फ्लीअरच्या वेळेत लक्षात आलं आणि पुढची कार्डं सुलटी छापली गेली. लिटलफील्डचं सुलटं कार्ड जुन्या ढिगातून चिल्लर देऊन मिळतं आणि उलटं शोधत संग्राहक फिरतात. एक खेळाडू बेसबॉलच्या इतिहासातला महानायक, दुसरा फार थोड्यांना आठवणारा. चूक दोघांची सारखीच. फरक पडला तो छापखान्यातल्या एका दुरुस्तीने.

1969 सालच्या टॉप्सच्या एका कार्डाची कथा याहून गमतीदार आहे. ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या नावाखाली छापलेला फोटो त्याचा नव्हताच, तो संघाच्या बॅटी उचलणाऱ्या मुलाचा होता. ही चूकही कधी सुधारली नाही. म्हणून हे कार्ड सांगायला मजेचं, पण विकायला साधंच. दोन वर्षं टाचणी लावून जपलेलं असं एखादं कार्ड दुकानात नेल्यावर मालकाने मान हलवली, तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

चूक कशी घडली हे कळलं की कार्ड बोलू लागतं. सिगारेटच्या पाकिटांतल्या त्या जुन्या मालिकेला संग्राहक टी 206 म्हणतात. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने ती काढली आणि तिच्यात सव्वापाचशेच्या आसपास कार्डं आहेत. होनस वॅगनरचं जगप्रसिद्ध कार्ड याच मालिकेतलं. 2022 साली त्याचा एक नग 72 लाख 50 हजार डॉलरना विकला गेला. वॅगनरचं कार्ड दुर्मीळ आहे ते छपाई लवकर थांबल्यामुळे, त्यात चूक काही नाही. चुकीचा मान याच मालिकेतल्या जो डॉयलकडे जातो. तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा गोलंदाज. त्याच काळात न्यूयॉर्कच्याच नॅशनल लीगमधल्या जायंट्स संघात लॅरी डॉयल होता. आडनाव एक, शहर एक. छापखान्यात गोंधळ उडाला आणि जोच्या कार्डावर न्यूयॉर्कपुढे ‘नॅशनल’चं संक्षिप्त रूप पडलं. ते लगेच काढलं गेलं. ती चुकीची कार्डं आज दहासुद्धा ठाऊक नाहीत, असं जाणकार मानतात.

आणि काही वेळा चूक छापखान्याची नसतेच, काळाची असते. 1974च्या हंगामाआधी सॅन दिएगो पॅड्रेस हा संघ विकला जाऊन वॉशिंग्टनला हलणार, असं जवळपास ठरलं होतं. टॉप्सला कार्डं आधीच छापायला घ्यावी लागत. म्हणून पॅड्रेसच्या काही खेळाडूंच्या कार्डांवर संघाच्या जागी ‘वॉशिंग्टन’ आणि ‘नॅशनल लीग’ असं छापलं गेलं. अशात मॅक्डोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ विकत घेतला आणि तो सॅन दिएगोतच ठेवला. टॉप्सने नावं बदलली. आज विली मकोवीचं वॉशिंग्टनचं कार्ड हातात घेतलं, तर कधीच न खेळलेल्या एका संघाचा पुरावा हातात येतो. त्याच वर्षीचं डेव्ह विनफिल्डचं पहिलं कार्ड मात्र वॉशिंग्टनच्या नावाने निघालंच नाही. तसं कार्ड कुणी पुढे केलं तर ते बनावट आहे, हे भिंग न लावताही सांगता येतं. मकोवीच्या त्या खऱ्या कार्डाला मात्र जास्त पैसे मिळावेत हे योग्यच आहे. त्यात इतिहास आहे.

शाईच्या चुका वेगळ्या. जुन्या रंगीत छपाईत पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा असे चार रंग एकामागून एक कागदावर चढत. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी. एखादा रंग एखाद्या जागी चढलाच नाही, तर तिथे खालचा कागद उघडा पडतो. 1969च्या मालिकेतलं मिकी मँटलचं 500 क्रमांकाचं कार्ड याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. बहुतेक कार्डांवर त्याचं आडनाव पिवळं आहे. थोड्या कार्डांवर ते पांढरं आहे. पांढऱ्या शाईची प्लेट नव्हतीच, पिवळा चढला नाही म्हणून कागद पांढरा दिसतो. टॉप्सच्या नेहमीच्या मालिकेतलं मँटलचं ते शेवटचं कार्ड, त्यामुळे पांढऱ्या आडनावाला कितीतरी पट भाव. 1962च्या मालिकेतल्या दुसऱ्या भागाचा काही माल हिरवट छटेचा निघाला. ती छटा पाहण्यासाठी दोन्ही कार्डं दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवावी लागतात. पिवळ्या दिव्याखाली सगळंच हिरवट वाटू शकतं.

1990 साली टॉप्सच्या पूर्ण मालिकेत 792 कार्डं होती. 132 कार्डांचा एक ताव, असे सहा ताव. फ्रँक थॉमसच्या 414 क्रमांकाच्या कार्डाच्या काही प्रतींवर पुढे त्याचं नावच नाही. काळ्या रंगाच्या छपाईत काहीतरी आड आलं आणि त्या पट्ट्यात काळी शाई उमटली नाही. ही गोष्ट पटण्याचं कारण थॉमसच्या शेजाऱ्यांत सापडतं. त्याच तावावर त्याच्या आजूबाजूला असलेल्या कार्डांवरही काळ्या रेघांचे तुकडे गायब आहेत. सगळे तुकडे जोडले की त्या अडथळ्याची कड तावावर आखता येते. पारख म्हणतात ती याला. थॉमस पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि बिननावाच्या कार्डाचा भाव हजारो डॉलरवर पोचला.

आता या कार्डाशेजारी बाजारातलं नेहमीचं ‘चुकीचं’ कार्ड ठेवून पाहावं. कुठे निळ्या शाईचा थेंब, कुठे रंग अर्धा मिलिमीटर सरकलेला, कुठे कात्री तिरकी गेल्यामुळे एका बाजूची पांढरी कड गायब. हजारो तावांच्या छपाईत असं घडणारच. यंत्रावर केस पडला, शाई सांडली, एका तावावर डाग पडला आणि पुढचा ताव स्वच्छ निघाला. तो डाग पुन्हा कुठे उमटला नाही, कुणी दुरुस्त केला नाही, कुठल्या यादीत गेला नाही. त्याला दोष म्हणतात. प्रमाणपत्र देणाऱ्या पीएसएसारख्या कंपन्या छपाईतला दोष आणि चुकीची कापणी यांसाठी शेऱ्याची अक्षरं लावतात, आणि बहुतेक वेळा असा शेरा लागला की भाव उतरतो. एकाच डागाला ऑनलाइन जाहिरातीत ‘दुर्मीळ’ म्हणायचं आणि प्रमाणपत्रात तो उणेपणा ठरायचा, हा विरोध कित्येक ग्राहकांना पैसे गेल्यावर कळतो. विक्रीची जागा पुरवणाऱ्या संकेतस्थळांनी ‘चूक’ या शब्दाला किमान पुरावा मागायला हवा. यादीतला क्रमांक आणि दुरुस्त प्रतीचं छायाचित्र नसेल, तर ती जाहिरात घेऊ नये. एवढी अट अवघड नाही.

दुरुस्तीची गंमत सर्वांत चांगली कळते ती बिली रिपकनच्या कार्डावरून. 1989 साली फ्लीअरने काढलेल्या 616 क्रमांकाच्या कार्डावर तो बॅट खांद्यावर घेऊन उभा आहे आणि बॅटीच्या बुडावर शाईने एक शिवी लिहिलेली स्पष्ट वाचता येते. सरावाची बॅट पटकन ओळखू यावी म्हणून ती आपणच लिहिली, असं त्याने नंतर सांगितलं. आरडाओरड झाली आणि फ्लीअरने शिवी झाकायला सुरुवात केली. एकदा काळ्या चौकोनाने, एकदा रेघोट्या मारून, एकदा पांढऱ्या रंगाने. त्या काळात कार्डं बेसुमार छापली जात. म्हणून शिवीचं मूळ कार्ड आज थोड्या डॉलरना मिळतं आणि पांढऱ्या रंगाने झाकलेली दुरुस्त प्रत त्याहून कितीतरी महाग आहे. इथे दुरुस्तीच चुकीपेक्षा दुर्मीळ ठरली. नियम तोच राहिला: मोजायचं ते संख्येत, कुतूहलात नव्हे.

पैसा आला की खोटेपणाही येतो, आणि चुकीच्या कार्डांत तो सोपा असतो. खऱ्या कार्डावरचं एक अक्षर खरवडलं की काम झालं. बरोबर नावाच्या मगीच्या कार्डावर चौथ्या अक्षराच्या तीन आडव्या रेघा खरवडल्या, की ‘ई’चा ‘आय’ होतो. अशा कार्डाची तपासणी कशी करावी, हे पाहण्यासारखं आहे. पहिल्यांदा कार्ड उलटावं. चुकीचं मॅजी कार्ड फक्त पीडमाँट या ब्रँडच्या निळ्या जाहिरातीसह सापडतं. पाठीवर दुसरा ब्रँड दिसला तर पुढे पाहायचीच गरज नाही. पीडमाँट असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग त्या चौथ्या अक्षरावर न्यावं. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहतात, बाजूची चकाकी तुटते. बॅटरीचा उजेड आडवा टाकला की ती जागा खोलगट दिसते. मग अक्षरांमधलं अंतर. ‘आय’ला जागा कमी लागते, त्यामुळे खऱ्या मॅजी कार्डाच्या मोठ्या छायाचित्राशी ते अंतर ताडून पाहावं. शेवटी अतिनील दिवा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद उजळ दिसावा म्हणून त्यात रसायनं घालायची पद्धत रुळली आणि तसा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. 1909चं म्हणवणारं कार्ड तसं चमकलं तर ते अलीकडचं आहे. अक्षरं भिंगाखाली बारीक ठिपक्यांत फुटत असतील तरी तेच. जुन्या कार्डांवर अक्षराची शाई सलग असते.

प्रमाणपत्रावरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. पीएसएने 1991 साली प्रमाणित केलेलं पहिलं कार्ड म्हणजे हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत घेतलेलं वॅगनरचं कार्ड. त्याला 8 गुण मिळाले होते. त्याच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या, अशी कबुली बिल मास्ट्रो या नामांकित लिलावकाराने 2013 साली फसवणुकीच्या खटल्यात दिली. जे एकेकाळी सर्वांत महाग असलेल्या कार्डाच्या बाबतीत घडलं, ते साध्या कार्डाच्या बाबतीतही घडू शकतं. अखंड तावातून घरी कात्रीने वेडीवाकडी कापलेली कार्डं ‘कापणीतली चूक’ म्हणून विकली जातात. तावातून कार्ड कापणारे हात कंपनीचे होते की विक्रेत्याचे, हे कागदावरून सहसा सांगता येत नाही.

मुद्दाम केलेल्या चुकांबद्दल तर या छंदाने अधिक कडक व्हायला हवं. 2007 साली टॉप्सच्या डेरेक जीटरच्या कार्डावर मागे डगआउटमध्ये मिकी मँटल आणि प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष बुश दिसले. ही चित्रं कुणीतरी गंमत म्हणून घुसवली होती. त्यानंतर कमी संख्येत छापलेले मुद्दाम वेगळे प्रकार ही नेहमीची विक्रीची युक्ती झाली. ती कार्डं आवडायला हरकत नाही, पण त्यांना मगी आणि डॉयलच्या रांगेत बसवू नये. त्या जुन्या कार्डांवर कामगाराचा थकवा आहे, घाई आहे आणि ‘थांबा, हे चुकलंय’ असं म्हणणारा कुणी अनाम माणूस आहे. ठरवून आखलेल्या दुर्मिळतेत तो माणूस नसतो.

हे सगळं मराठी वाचकाला अगदी परकं नाही. 1854 साली कलकत्त्यात छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं काही नगांत उलटं पडलं. दोन रंगांसाठी कागद दोनदा छापला जाई, त्यात तो एकदा उलटा गेला. जगभरचे तिकीटसंग्राहक त्याची नावनिशी जपतात. च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेली पिढीही इथे आहे. आणि फसवणूकही इथे आहे. उलट्या छापाची नोट, डाग पडलेलं नाणं ‘लाखाला’ असे संदेश घरोघरी फिरत असतात. ऑगस्ट 2021मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, की बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून भामटे जुन्या नोटा-नाण्यांच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी लोकांकडून शुल्क, कमिशन आणि कर मागत आहेत. त्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत आणि बेसबॉल कार्डांच्या बाबतीत युक्ती एकच: मागितलेली किंमत हीच मिळालेली किंमत म्हणून दाखवायची. एखाद्याने डागाळलेल्या कार्डासाठी दहा हजार डॉलर मागितले, म्हणून ते दहा हजारांचं होत नाही. पाहायचे असतात ते झालेले सौदे, तेही एक नव्हे, चार-पाच, आणि त्याच अवस्थेतल्या नगांचे.

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात जुन्या सामानाबरोबर कार्डांचा डबा आला असेल, तर तो उघडताना घाई करू नये. कार्डं पुसू नयेत, कडा कापू नयेत, लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. प्रत्येक कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा आणि पाठीवरचा क्रमांक यादीशी ताडावा. आणि कुणी ‘ही दुर्मीळ चूक आहे’ असं म्हणत पैसे मागत आला, तर त्याच्याकडे त्याच कार्डाची दुरुस्त केलेली प्रत मागावी. ती दाखवता आली नाही, तर डबा बंद करून ठेवावा.